दाखवली एक, दिली दुसरी

वीस वर्षं डक्टिंगचं, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं काम करतोय. पत्रा चिमटीत धरला की किती गेजचा आहे ते बोटांनाच कळतं (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा जितका लहान तितका पत्रा जाड). म्हणूनच हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. लोअर परळच्या एका ऑफिसात एसीच्या डक्टचं काम चालू होतं आणि गच्चीवरचे तुकडे पाऊस यायच्या आत बसवायचे होते. नेमकी आदल्या दिवशी माझी पत्रा कापायची हिरव्या मुठीची कात्री साइटवरून गेली. साइटवर हरवलेलं हत्यार आणि लोकलमध्ये विसरलेली छत्री परत मिळत नाही, त्यामुळे शोधण्यात वेळ घालवला नाही. जेवणाच्या सुट्टीत करी रोडहून गाडी पकडली, मस्जिदला उतरलो आणि नागदेवीत, हत्यारांच्या बाजारात शिरलो.

नेहमीचं दुकान बंद. गल्लीच्या तोंडाशी एकजण टेबल मांडून उभा होता. लाल, हिरवी, पिवळी अशा तिन्ही कात्र्यांचा सेट अकराशेला. आमच्या नेहमीच्या दुकानात एवढ्यात एकच धड कात्री येते. इथेच मी मागे फिरायला हवं होतं. पण घाई होती, आणि खरं सांगायचं तर हावही सुटली.

त्याने बावीस गेजची पट्टी उचलली आणि हिरव्या कात्रीने जिलबीसारखा वेटोळा काढून दाखवला. मी कात्री मागून घेतली आणि स्वतः कापून पाहिलं. कर्र असा एकसारखा आवाज, हाताला ताण नाही, कडेला बूर, म्हणजे खरखरीत धार नाही. पट्टीही नखाने तपासली, कारण डबा कापायच्या पातळ पत्र्यावर कात्री चालवून दाखवणारे मी पाहिलेत. पट्टी खरी होती. कात्रीही खरी होती. फक्त ती विकायची नव्हती.

“काका, ये तो डेमो का पीस है, आपको नया देता हूँ,” म्हणत त्याने टेबलाखालच्या खोक्यातून सीलबंद पाकीट काढलं. जाड प्लास्टिकचं, फोडायलाच कात्री लागावी असं. वापरलेला माल गळ्यात मारत नाही म्हणून मला त्या माणसाचं कौतुक वाटलं! बिल मागितलं नाही. पैसे देऊन गाडी पकडायला पळालो.

साइटवर चोवीस गेजचा, म्हणजे साधारण ०.६ मिमीचा पत्रा होता. वीतभर सरळ कापला तोवर ठीक. एल्बोच्या, म्हणजे डक्टच्या वळणाच्या तुकड्याच्या गोलाईला आलो आणि कात्रीने पत्रा कापायच्या ऐवजी गिळला. दोन पात्यांच्या मधे पत्रा दुमडून अडकला. ओढून काढला तर पात्याच्या धारेवर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. जो पत्रा कापायचा, त्यानेच पात्याला चावा घेतलेला.

कानस आणून धारेवरून फिरवली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते, नीट लागत नाही. इथे ती लोखंडी गजावर लागावी तशी लागली आणि भुगा पडला. मुठीजवळ ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं चांगल्या हत्यारी पोलादाचं नाव छापलेलं होतं. थिनरचा बोळा फिरवला तर तेही निघून आलं.

तेवढ्यात मदतनीस पोरगा लाल आणि हिरवी शेजारी शेजारी धरून म्हणाला, “काका, या दोन्ही सेमच आहेत की.”

खरंच होतं. लाल मुठीची डावीकडे वळवत कापायला, हिरवी उजवीकडे आणि पिवळी सरळ कापायला, असा या कात्र्यांचा हिशोब असतो. (लाल म्हणजे डावखुऱ्यांची असं समजणारे बरेच आहेत, तसं काही नाही.) विमानाचे पत्रे कापण्यासाठी हा प्रकार निघाला, म्हणून एव्हिएशन कात्री म्हणतात. लाल आणि हिरवीची पाती एकमेकींच्या आरशातल्या रूपासारखी उलटी बसवलेली असतात. एकीत खालचं पातं एका बाजूला, तर दुसरीत दुसऱ्या बाजूला. आमच्या सेटमध्ये तिन्ही कात्र्या एकच होत्या. मुठीवरची रबरं तेवढी वेगळी.

मधला सांधा बोल्ट-नटाचा नव्हता, रिबीट ठोकलेली होती. म्हणजे ढिली पडली की आवळायची सोय नाही. आणि ती नवी असतानाच ढिली होती: उजेडाकडे धरून हळूहळू मिटवली तर पात्यांच्या मधून फट दिसत होती. चांगल्या कात्रीची पाती मिटताना जिथे कापतात त्या जागी एकमेकींना चिकटून सरकतात. पाकिटावर मात्र ‘१६ गेजपर्यंत’ लिहिलेलं. या आकाराची चांगली कात्री साध्या पत्र्यात १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी घेते, स्टेनलेसमध्ये त्याहून बरंच कमी. सोळा वाचूनच शंका यायला हवी होती, पण मी पाकीट वाचलं ते साइटवर.

दोन एल्बोंचा पत्रा वाया गेला. अर्धवट फाटलेल्या कडेने पोराचा अंगठा कापला, त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नेलं आणि दुपार गेली. दुसऱ्या दिवशी नागदेवीत गेलो तर त्या जागी एकजण रेनकोट विकत होता. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला माहीत होता, पण सांगणार काय? बिल नाही, दुकानाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही.

हल्ली कात्री घ्यायला जाताना पिशवीत बावीस गेजची हातभर पट्टी नेतो. पाकीट दुकानातच फोडायला लावतो आणि जी घरी न्यायची तिनेच कापून पाहतो, सरळ आणि वळवूनही. टोकापर्यंत कापते का ते बघायला शेवटी कागदाचा कपटाही कापतो. पूर्वी हे सगळं मी नवशिक्यांना शिकवायचो, स्वतः करायचो नाही. परवा एका दुकानदाराने पट्टी बघूनच तोंड वाकडं केलं, “काका, माल खराब होईल.” बावीस गेज कापून खराब होणारी कात्री मला नको होती. पट्टी पिशवीत टाकली आणि पुढच्या दुकानात गेलो.

तो तिरंगी सेट अजून गाळ्यात आहे. पोरं त्याने इन्सुलेशनची टेप कापतात. तीही कधी कधी दुमडते.