दुकानाच्या नावावरचं क्रेडिट कार्ड: उदगीरच्या मोटार-पंप दुकानातून दीडेक वर्षाचा अनुभव

उदगीरला माझं मोटार-पंपाचं दुकान आहे. पुढं स्टार्टर, केबल, बेअरिंग, पाईपचं फिटिंग विकतो आणि मागच्या खोलीत जळक्या मोटारींचं वायंडिंग चालतं. मालकी एकट्याची, हाताखाली दोन कारागीर. दुकानासाठी क्रेडिट कार्ड घेऊन आता दीडेक वर्ष होत आलंय. मोंढ्यातला (बाजार समितीच्या पेठेतला) कोणी ना कोणी येऊन विचारतोच, "शेठ, ते कार्ड परवडतं का ओ?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. बँकेचं नाव टाकत नाही, कारण एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन तऱ्हेचा कारभार बघितलाय.

निकाल आधीच सांगतो. कार्ड ठेवलंय आणि ठेवणार आहे. पण गिऱ्हाइकाची हंगामी उधारी पेलायला म्हणून कोणी घेत असेल, तर त्यानं घेऊ नये.

आमच्याकडं कार्ड म्हटलं की माणसाला आधी किसान क्रेडिट कार्ड आठवतं. ते 1998 पासून आहे, पिकाच्या हंगामावर चालतं आणि वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. वडिलांचं तसं खातं आहे, त्यामुळं घरात पहिला प्रश्न तोच आला, "मग वर्षाकाठी एकदा नवंजुनं करायचं ना?" दुकानाच्या कार्डाला हंगाम ठाऊक नसतो. त्याला फक्त महिन्याची तारीख कळते.

मिळवताना काय लागलं ते सांगतो. दुकानाचं चालू खातं जुनं होतं. उद्यम नोंदणी होती (छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी हजार-पाचशे मागणाऱ्याला पैसे देऊ नका), जीएसटी नंबर होता आणि दोन वर्षांचे आयकर रिटर्न होते. तरी बँकेनं आधी रिटर्नवरचं उत्पन्न कमी आहे म्हणून नाक मुरडलं. वर्षभराची उलाढाल चांगली दिसते, पण रिटर्नमध्ये नफा कमीत कमी दाखवायची आपल्याकडची रीत इथं आडवी येते. शेवटी सीएनं सुचवलेला मार्ग धरला: मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यायचं. ठेवीच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत लिमिट मिळतं, रिटर्न फारसं कोणी उलगडून बघत नाही आणि ठेवीवर व्याजही चालू राहतं. काही महिने बिलं वेळेवर भरल्यावर त्याच बँकेनं विनातारण बिझनेस कार्ड दिलं. नव्यानं घेणाऱ्याला मी हाच रस्ता सांगतो.

बिझनेस कार्डासाठी तपासणीला माणूस आला होता. दुकानाच्या पाटीचा फोटो, आतल्या मालाचा फोटो आणि मग शेजारच्या खतवाल्याला हळूच प्रश्न, "हे दुकान किती वर्षांचं?" खतवाला बिलंदर, त्यानं त्याला उलट चहा पाजून बँकेच्याच चौकश्या केल्या. पाटीवरचं नाव आणि जीएसटी प्रमाणपत्रावरचं नाव एकच असू द्या. माझ्या पाटीवर "इलेक्ट्रिकल्स" आणि कागदावर "इलेक्ट्रिकल्स अँड मशिनरी", एवढ्यावरून पुन्हा एक पत्र द्यावं लागलं.

मालकी एकट्याची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कार्डावर नाव दुकानाचं असलं तरी पॅन तुमचाच असतो. बिल थकलं तर ते तुमच्याच सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) येतं आणि उद्या घराचं कर्ज काढायला गेलात की तिथं दिसतं. बिझनेस कार्ड म्हणजे धंद्याचं देणं वेगळं आणि घरचं वेगळं, असं भागीदारी फर्ममध्येसुद्धा सहसा नसतं. एकट्याच्या दुकानात तर नाहीच नाही.

आता तारखांचं. माझं बिल दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं आणि त्यापुढं वीस दिवसांत, म्हणजे 7-8 तारखेपर्यंत भरायचं असतं. 17 ऑक्टोबरला माल घेतला तर पैसे 7 नोव्हेंबरला द्यायचे, हातात दिवस मिळतात एकवीस. तोच माल 19 ऑक्टोबरला घेतला तर बिलात येतो 18 नोव्हेंबरच्या आणि भरायचा 8 डिसेंबरला. दोन दिवस थांबल्यानं पन्नास दिवस बिनव्याजी. आमच्या धंद्यात ह्याला किंमत आहे. दिवाळीनंतर हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू होतं, एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटारी चालतात, दाब उतरतो, कधी एक फेज जातो आणि जळक्या मोटारींची रांग दुकानापुढं लागते. त्या दिवसांत तांब्याची तार, बेअरिंग, इन्शुलेशन पेपर हाताशी लागतोच, आणि तार काही उधार मिळत नाही. बिलाची तारीख बदलून मागता येते, तशी सोय देणं बँकांना रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. माझी पैसे भरायची तारीख आधी महिनाअखेरीची यायची. कारागिरांचा पगार आणि कार्डाचं बिल एकमेकांच्या अंगावर यायला लागले म्हणून बदलून घेतली.

तरीही पन्नास दिवसांत पैसा फिरत नाही, ही इथली खरी अडचण आहे. गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं नोव्हेंबरात आणि म्हणतं, "सोयाबीन गेलं की देतो मालक." 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या बराच खाली. लोकांनी माल घरातच थप्पीला लावून ठेवला. भाव वाढेल म्हणून दिवाळी गेली, येळवस (वेळा अमावस्या) गेली, मग तूर आली. वायंडिंगचे पैसे फेब्रुवारीत, काहींचे पाडव्याला. त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पडत्या भावात कोण विकेल? पण कार्डवाली बँक 8 डिसेंबरलाच पैसे मागते.

आणि तेव्हा बिलावर ठळक अक्षरांत "किमान देय रक्कम" दिसते. 40,000 च्या बिलाला साधारण 5 टक्के, म्हणजे 2,000. माणसाला हायसं वाटतं. आता हिशेब बघा. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचं 42. चाळीस हजारांवर दिवसाला 46 रुपये होतात. 24 ऑक्टोबरला घेतलेला माल 8 डिसेंबरपर्यंत धरला तर 45 दिवस. पूर्ण बिल भरलं नाही की व्याज बिलाच्या नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं: 2,071 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 373, एकूण 2,444. भरले 2,000. म्हणजे भरलेल्या पैशांपेक्षा व्याजच जास्त. शिवाय मागचं पुरतं फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या बेअरिंगवरही आजपासूनच मीटर चालू.

आपल्याकडं खासगी सावकाराला लोक नावं ठेवतात, शेकडा तीन रुपयांनी पैसे लावतो म्हणून. जीएसटीसकट कार्डाचं व्याज शेकडा चार रुपये तेरा पैसे पडतं. हे मी गल्ल्याजवळ कागदावर लिहून चिकटवलंय. ग्राहक न्यायालयाच्या राष्ट्रीय आयोगानं 2008 मध्ये ह्या व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली, तेव्हा त्या बाजूनंही काही आडोसा नाही.

म्हणून मी वाटणी करून टाकली. ज्या मालाचे पैसे महिन्याभरात रोख येणार तो कार्डावर: स्टार्टर, केबल, कपॅसिटर, फिटिंग. पिकअपचं डिझेल, गाडीचा विमा, वीजबिल, बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं, ऑनलाइन मागवलेली हत्यारं हेही कार्डावर. उधारीच्या वायंडिंगला लागणारी तार सीसी खात्यातून (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेनं दिलेलं फिरतं कर्ज). सीसीचं व्याज मला 11 टक्क्यांच्या आसपास पडतं आणि कार्डाच्या थकबाकीपुढं ते कितीतरी स्वस्त आहे. सीसी नसेल तर मुद्रा कर्जासाठी बँकेत खेटे घाला. कटकट आहे, पण हंगामी उधारीला तोच पैसा लागू पडतो.

ठोक व्यापाऱ्याकडं कार्ड पुढं केलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, "दोन टक्के वरून पडतील." पन्नास हजारांवर हजार रुपये. 45 दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाचे सोळा, तेवढ्याच दिवसांचं सीसीचं व्याज दीड टक्क्याच्याही आत बसतं. त्यात रोखीला दीड-दोन टक्के सूट देणारा व्यापारी असेल तर ती सूटही गेली. अशा ठिकाणी मी कार्ड खिशातून काढतच नाही. पॉइंटच्या लोभानं काढणारे बघितलेत. शंभर रुपयांवर चार आणे-आठ आणे मिळवायला दोन रुपये द्यायचे, हा धंदा मला जमत नाही.

रुपे कार्ड यूपीआयला जोडायची सोय सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली. ती मला कार्डापेक्षाही जास्त उपयोगी पडली, कारण मोंढ्यात स्वाइप मशीन थोडी आणि क्यूआर दर टपरीला. पण दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. बऱ्याच छोट्या दुकानांत पोराच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवलेला असतो, तिथं क्रेडिट कार्डातून पैसे जातच नाहीत. दोन हजारांच्या आत छोट्या दुकानदाराला ह्यावर शुल्क लागत नाही, वरच्या रकमेवर लागतं. त्यामुळं अडीच हजारांच्या बिलाला काही जण "खात्यातून टाका की" म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे, मीही माझ्या काउंटरवर तेच म्हणतो.

मोठ्या कारागिराला माझ्या कार्डावरचं जोडकार्ड काढून दिलंय, लातूरहून माल आणायला तोच जातो. ॲपमध्ये त्याच्या कार्डाची मर्यादा 15,000 ठेवली, परदेशी व्यवहार बंद, एटीएममधून पैसे काढणं बंद, टेकवून पैसे जाणारं बंद. ते शेवटचं आवर्जून करा, नाहीतर 5,000 पर्यंत पिन न विचारताच पैसे जातात. कारागीर भरवशाचा आहे, पण कार्ड पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवायची त्याची सवय जात नाही. कार्डानं रोख काढण्याचा तर विचारच नको. त्यावर काढल्याचं शुल्क वेगळं आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

तक्रारी दोन आहेत. पहिली, एक दिवस बिलात "संरक्षण योजना" नावाची रक्कम आली. फोनवरच्या मुलीनं "सर, माहिती पाठवते" म्हटल्यावर मी "पाठवा" म्हटलं होतं, त्यालाच त्यांनी होकार धरलं. शाखेत गेलो तर म्हणे कार्ड विभाग वेगळा. मग लेखी तक्रार केली, तिचा नंबर घेतला आणि 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन असं त्याच मेलमध्ये लिहिलं. त्याच्या आतच पैसे परत आले. लोकपालाकडं तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. चौकशीला 14448 नंबर आहे.

दुसरी तक्रार जीएसटीची. वार्षिक फीवरच्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट (माझ्या जीएसटीतून वजावट) मला मिळायला हवं, पण बँकेनं कार्डाला माझा जीएसटी नंबरच जोडला नव्हता. तीन महिने मागं लागल्यावर जोडला. रक्कम फार नव्हती, पण सीएनं विचारलं की दर वेळी मान खाली घालावी लागायची. अर्ज करतानाच नंबर जोडल्याची पोच घ्या.

तारणावरचं जुनं कार्ड मात्र सुखानं बंद झालं. सगळं देणं फेडून अर्ज दिला की सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं 500 रुपये द्यायचे, असा 2022 पासूनचा नियम आहे. अर्जात तो नियम एका ओळीत लिहिला होता, त्याचा परिणाम असावा.

सिबिलचं एक बघण्यासारखं. नोव्हेंबर-डिसेंबरात लिमिट जवळजवळ भरायचं, बिल पूर्ण भरूनही माझा आकडा त्या दिवसांत घसरायचा. बँक बहुधा बिलाच्या तारखेची बाकी कळवते, त्यामुळं आता 16 तारखेला गल्ल्यातले जमेल तेवढे आधीच भरतो. आकडा परत चढला. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो बघत जा.

2025 च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी 5 लाख लिमिटचं कार्ड जाहीर झालं, पहिल्या वर्षी 10 लाख कार्डं द्यायचं ठरलं. तेव्हापासून लोक जास्तच विचारतात. लिमिट कितीचंही असो, व्याज आणि तारखा विचारूनच सही करा.

माझ्या बँकेचा सध्या महिन्याआड मेसेज येतो, "आपले लिमिट दुप्पट करण्यास संमती द्या." संमतीशिवाय त्यांना वाढवता येत नाही, आणि मी देत नाही. आहे तेवढ्यात डिझेल, केबल आणि वीजबिल बसतं. फी माफ व्हायला वर्षाचा खर्च थोडा कमी पडतोय, तेवढा मार्चमध्ये गाडीचा विमा भरला की होतो.