चॅप्लिन की कीटन?
घरात मूकपट लावायचा म्हटलं की आमच्याकडे दोन तट पडतात. चॅप्लिनला सगळेच ओळखतात. ‘द गोल्ड रश’मध्ये (1925) तो उकडलेला बूट ताटात घेतो, नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. (बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता म्हणे, तरी ते तोंड बघवत नाही.) भुकेची चेष्टा आहे, पण भूक खरी वाटते. हसता हसता आवंढा येतो तो त्यामुळेच.

बस्टर कीटन असल्या भानगडीत पडतच नाही. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये (1928) वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. तो वाचतो, कारण माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. भिंत खरी, खाली उभा माणूसही खरा. वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर? आणि चेहरा ढिम्म! ‘द जनरल’साठी (1926) तर पठ्ठ्याने पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत पाडलं.

माझं मत कीटनला. चॅप्लिन पुन्हा पाहताना डोळे कुठे भरून येणार ते ठाऊक असतं. ती भिंत मात्र विसाव्यांदा पडतानाही मी अंग चोरतो. पण पाच वर्षांच्या पोराला पहिला मूकपट दाखवायचा असेल, तर आधी बूटच.