अकलोली की गणेशपुरी? मुंबईहून गरम पाण्याच्या कुंडांना जाताना

वज्रेश्वरीला जायचं ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: आंघोळ कुठे करायची, अकलोलीला की गणेशपुरीला? तानसा नदीकाठची ही दोन्ही गावं भिवंडी तालुक्यातली, मुंबईपासून साधारण पाऊणशे किलोमीटरवर. देवळापासून दोन्हीकडे रिक्षा मिळते. जमिनीखाली खोल तापून बेसॉल्टच्या भेगांतून वर येणारं गंधकाच्या वासाचं पाणीही सारखंच. तरी दोन्हीकडचा अनुभव वेगळा, त्यामुळे सोबत कोण आहे ते बघून ठरवा.

सोबत म्हातारं माणूस असेल तर मी डोळे झाकून गणेशपुरी सांगेन. इथली कुंडं भीमेश्वराच्या देवळाला लागून आहेत. पहाटे आंघोळ, मग भीमेश्वर, मग नित्यानंद महाराजांची समाधी, हे सगळं चार पावलांत होतं. १९६१ साली महाराजांनी इथेच देह ठेवला. त्यांचा भक्तगण मोठ्या प्रमाणावर दक्षिणेतला, म्हणून गावात सकाळी इडली-डोसा सहज मिळतो. आईला घेऊन गेले तेव्हा ती पहिल्या पायरीवर बसून नुसते पाय सोडून होती. पाच मिनिटांनी म्हणाली, "आता गुडघ्यापर्यंत येते." बाहेर आल्यावर पाहिलं तर पायातली जोडवी काळी पडलेली! पाण्यातल्या गंधकाने चांदीचं असंच होतं. घरी खायचा सोडा लावून घासल्यावर ती उजळली, पण तुम्ही चांदी आधीच काढून पिशवीत ठेवा. गुरुपौर्णिमेला मात्र गणेशपुरी टाळा, तेव्हा कुंडात उतरायलाही रांग असते.

अकलोलीची गंमत नदीत आहे. सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, लक्ष्मण, सीता अशा नावांची कुंडं, आणि हाकेच्या अंतरावर तानसेचं गार पाणी. एका कुंडात पाय भाजतो, शेजारच्यात निवांत बसता येतं. थंडीत सकाळी सातला पाण्यावर वाफ तरंगत असते. मुलांना ती बघूनच इतका आनंद होतो की त्यांना पाण्याबाहेर काढणं कठीण जातं. पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून लहानग्यांचा हात सोडू नका. रविवारी दहानंतर इतकी गर्दी होते की पाणी गढूळ दिसायला लागतं. साबण लावणारे, कपडे धुणारेही भेटतात. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण पुढच्या माणसाला त्याच पाण्यात उतरायचं असतं. बायकांना मोकळेपणाने आंघोळ करायची असेल तर आडोशाचं कुंड कुठे आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर अंगभर कपड्यांतच उतरावं लागतं.

पावसाळ्यात अकलोलीचा विचारच सोडा. तानसा फुगली की काठची कुंडं पाण्याखाली जातात.

वज्रेश्वरीचं देऊळ दोन्ही बेतांत बसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस बोलला होता. १७३९ साली किल्ला सर झाला आणि हे किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं. पायऱ्या बावन्न. गुडघे दुखणाऱ्यांना आंघोळीआधी त्या चढवू नका. कुंडातून निघाल्यावर अर्धा तास बसू द्या, मग चढू द्या.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गळ्यापर्यंत उतरू नये. इतरांनीही दहा मिनिटांवर थांबावं आणि उठताना सावकाश उठावं, कारण गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की भोवळ येते.

गाडीने पश्चिम उपनगरांतून येणाऱ्यांनी अहमदाबाद महामार्गावरून शिरसाड फाट्याला वळावं, ठाण्याकडच्यांनी भिवंडी-अंबाडीमार्गे यावं. लोकलने आलात तर वसई किंवा विरारला उतरून एसटी धरा. मुक्काम करणार असाल तर रात्री गणेशपुरीला राहा, पहाटे तिथलं कुंड करा आणि उजाडल्यावर मुलांना अकलोलीला न्या. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल, तर नऊच्या आत पोचत असाल तरच अकलोली. त्याहून उशीर होणार असेल तर सरळ गणेशपुरी गाठा.