माउंट हॅरिएटची डे टूर : डोंगराला पाच स्टार, टूरवाल्यांना जेमतेम तीन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला गेलेलो, मी, नवरा, आई-बाबा आणि मावशी. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मधे श्रीविजयपुरम झालं आणि माउंट हॅरिएटचं त्याआधीच, 2021 मधे, माउंट मणिपूर झालंय, पण तिथले रिक्षावाले-टॅक्सीवाले अजून जुनीच नावं घेतात म्हणून मीही तीच लिहितेय. हॉटेलच्या काउंटरवरून एक दिवसाची टूर घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिकडे बहुतेक सगळ्यांचं कार्ड थोड्याफार फरकाने हेच असतं: सकाळी चॅथम सॉ मिल, मग माउंट हॅरिएटला "ट्रेकिंग", संध्याकाळी सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो.

आधी तक्रारी उरकते. पिकअप सातचा सांगितलेला, गाडी आली सव्वाआठला, कारण दुसऱ्या हॉटेलातली मंडळी नाश्ता करत होती. चॅथमची मिल बघण्यासारखी आहे, 1883 ची, तिथल्या पडौकच्या लाकडाचा तो लालसर रंग आणि महायुद्धात जपान्यांनी टाकलेल्या बॉम्बचा खड्डा, पण त्याला अर्धा तास पुरे. आम्हाला तिथे तास काढायला लावला आणि वर कार्डावर नसलेल्या एका शंख-शिंपल्यांच्या दुकानात पाऊण तास! मावशीने एक की-चेन घेतली तेव्हा कुठे सुटका झाली. अंदमानात घड्याळ आपलं असलं तरी सूर्य आपला नसतो, डिसेंबरमधे पाचच्या सुमारास तो मावळतो, त्यामुळे सकाळी वाया घालवलेले अडीच तास म्हणजे संध्याकाळचे जंगलातले अडीच तास गेले असंच समजायचं. हे टूरवाल्यांना माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

चॅथमहून बांबूफ्लॅटला जाणारी बोट मात्र मस्त. गाड्या, बाइक, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं सगळं एकाच डेकवर, काही मिनिटांत पलीकडे. तिथून गाडी डोंगरावर चढते आणि वळणावर तो पॉइंट येतो, जिथून नॉर्थ बेचं लाइटहाऊस दिसतं. जुन्या वीसच्या नोटेच्या मागच्या बाजूला जो समुद्र नि नारळाची झाडं होती ना, तो हा देखावा. नव्या नोटेवर आता वेरूळ आलंय. बाबांनी त्यासाठी घरून जुनी लाल नोट आणलेली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घालता. हात लांब करून, एक डोळा मिटून ते पाच मिनिटं नोट जुळवत उभे, मागे चार गाड्या हॉर्न मारतायत, आई म्हणतेय, "अहो, आवरा आता, लोक बघतायत." झाडं काही जुळली नाहीत, लाइटहाऊस मात्र बरोब्बर जुळलं.

माथा फार उंच नाही, पावणेचारशे मीटरच्या आसपास. वर इंग्रजांच्या काळात चीफ कमिशनरचा उन्हाळी मुक्काम असायचा, त्याचे थोडे अवशेष आहेत. आणि इथेच ड्रायव्हर म्हणाला, "आधा घंटा, फिर नीचे." म्हणजे त्यांचं ट्रेकिंग म्हणजे गाडीने वर, फोटो, गाडीने खाली. आम्ही भांडलो. खरं तर आमच्यापेक्षा आमचा गाइडच भांडला, तिथलाच पन्नाशीचा माणूस, आणि त्याच्यामुळे काला पत्थरपर्यंत जाता आलं. या रिव्ह्यूतले तीनपैकी दोन स्टार त्याचेच.

वाट एका बाजूने दोन-अडीच किलोमीटर असेल, अवघड अजिबात नाही, पण दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेलेला, पायाखाली ओली पानं, मुळं आणि जळवा. मावशीच्या घोट्यावर एक चिकटली तर गाइडने खिशातून मिठाची पुडी काढली, चिमूटभर टाकलं, जळू आक्रसून गळून पडली. मावशी किंचाळायची थांबली आणि मग मात्र सगळ्यांच्या पायांची तपासणी तीच करत बसली. झाडी इतकी दाट की दुपारी दोनला दिवेलागणीसारखा उजेड. मधेच गाइडने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, वर कुठेतरी टक टक टक, मोठा काळा सुतार पक्षी, डोक्यावर लाल तुरा. हा फक्त अंदमानातच सापडतो म्हणे, म्हणजे दुर्बीण घरी विसरलेल्या माझ्या नवऱ्याला तो पुन्हा बघायला परत इथेच यावं लागणार. काला पत्थर म्हणजे शेवटी एक मोठा खडक, तिथून कैद्यांना खाली ढकलून द्यायचे असं सांगतात. उन्हात तापलेल्या त्या खडकावर कोणालाच बसावंसं वाटेना.

उतरताना अंधारायला लागलं आणि तेव्हा गाइडने लॉर्ड मेयोची गोष्ट काढली. 8 फेब्रुवारी 1872, व्हाइसरॉय सूर्यास्त बघायला याच डोंगरावर आलेला, खाली होपटाउनच्या जेट्टीवर पोचेपर्यंत काळोख झाला आणि बोटीकडे जाताना शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला सुऱ्याने भोसकलं. पुढे शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिलं. शाळेत एका ओळीत वाचलेलं, पण त्याच डोंगरावरून, त्याच वेळेला खाली येताना ऐकलं तर आई गप्पच झाली.

बोटीला ही रांग, त्यात जेलचा शो हुकला. तिकिटाचे पैसे कंपनीने आधी "तुम्हीच उशीर केलात" म्हणून नाकारले, नवऱ्याने तीन फोन केल्यावर निम्मे परत दिले. जेल आम्ही आदल्या दिवशी बघितलेलं, सावरकरांच्या कोठडीपुढे बाबा बराच वेळ उभे होते, म्हणून एवढं वाईट वाटलं नाही. ज्यांचा तो एकच दिवस असेल त्यांनी डोंगर आणि शो एका दिवशी घेऊच नका.

बुक करताना फक्त दोन गोष्टी विचारा: काला पत्थरपर्यंत चालत नेणार का, आणि वर किती वाजता पोचणार. "हो हो, सब होगा" असं उत्तर आलं तर सरळ स्वतः टॅक्सी करा, बोटीने जा आणि गाइड तिथे घ्या. बूट जुने घाला, पाणी बरोबर घ्या, मीठ विसरू नका. आणि पांढरे मोजे नकोत, मावशीचे आम्ही हॉटेलच्या कचऱ्यातच टाकून आलो.