कॉक्स असलेली बोट की नसलेली?

नाशिकला गोदावरीवर वल्हवायला शिकणारी पोरं विचारतात, कॉक्सची (म्हणजे वल्हं न मारता बोटीत बसून सुकाणू धरणाऱ्या आणि हुकूम देणाऱ्याची) बोट बरी की बिनकॉक्सची? वल्हवणारे जायच्या दिशेला पाठ करून बसतात, पुढचं दिसत नाही. आठ जणांच्या बोटीत ते डोळे कॉक्सचे: हातात सुकाणूच्या दोऱ्या, तोंडासमोर माइक. 'पुढचे दहा फटके जोरात!' म्हटलं की आठही वल्ही एकदम पाण्यात. त्याला नुसतं ५५ किलोचं ओझं समजणं मला अजिबात पटत नाही.

बिनकॉक्स चौघांत एक जण पायाच्या बुटानेच सुकाणू फिरवतो. वजन कमी, पण मागे बघायला मान वळवली की लय बिघडते. आपल्या चांदवडकडच्या दत्तू भोकनळने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बिनकॉक्स बोटीतच सुवर्ण मिळवलं. तरी नवख्यांनी आधी कॉक्सच्याच बोटीत बसावं.