जिरे की ओवा?

दोन्ही एकाच कुळातले, कोथिंबीर आणि गाजराच्या. दाणेही लांबून सारखेच वाटतात, पण स्वभाव अगदी वेगळा.

जिऱ्याचा वास मुख्यतः क्युमिनाल्डिहाइड या सुगंधी द्रव्याचा. गरम तेलात दाणे तडतडले की तो तेलात उतरतो आणि पुढे सगळ्या पदार्थात पसरतो. कोरडे भाजले तर वेगळाच खमंगपणा येतो, मात्र दाणे काळे पडले की कडवट लागतात. पूड लागेल तेवढीच करावी. दळल्यावर वास फार लवकर उडतो. ‘जीरक’ हे संस्कृत नावच मुळी पचनाशी जोडलेले आहे. चमचाभर, म्हणजे साधारण २ ग्रॅम जिऱ्यात सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, हेही कमी नाही.

ओव्यात थायमॉल हे उग्र वासाचे द्रव्य. म्हणून तो जिभेला झोंबतो, आणि चिमूटभर जास्त झाला तर बाकी सगळ्या चवी दाबतो.

रोजच्या स्वयंपाकाला मी डोळे झाकून जिरे निवडेन. जेवणानंतर पोट जड वाटले तर जिऱ्याचे कोमट पाणी सौम्य. गॅस धरला असेल तर चिमूटभर ओवा. गरोदरपणात मात्र दोन्ही फोडणीपुरतेच ठेवावेत. दुखणे टिकून राहिले, तर डॉक्टरांकडेच जावे.