पेलेटचे चाळीस डबे आणि गेलेले ₹५९,५९९

ज्यांची मुलं एअर रायफल शूटिंग करतात त्या पालकांसाठी लिहितोय : पेलेट, म्हणजे रायफलचे छर्रे, ऑनलाइन मागवताना मी कसा फसलो ते. बाकीच्यांना 'छर्ऱ्यांवर एवढे पैसे?' असं वाटेल. तो प्रश्न पोलिसांनीही मला विचारून झालाय.

माझी मुलगी नेरुळला दहा मीटरची प्रॅक्टिस करते. रोज सव्वाशे शॉट, म्हणजे पाचशे पेलेटचा डबा चार दिवसांत रिकामा. साठा का करावा लागतो हे या खेळातल्यांना सांगायला नको. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एक लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, तिच्या बॅरलला बसला की दुसऱ्या लॉटने ग्रुपिंग फाकतं, शॉट एका जागी न लागता पसरतात. म्हणून चांगला लॉट मिळाला की सगळेच पाच-सहा महिन्यांचा माल एकदम उचलतात. मी हाव केली नव्हती. भावही बाजारातलाच होता.

विक्रेता दिल्लीचा, नंबर पालकांच्या ग्रुपमधून मिळालेला. आधी चार डबे मागवले, ₹४,७२०. चौथ्या दिवशी घरपोच, अस्सल, ४.४९ हेड साइझचे (पेलेटच्या डोक्याचा मिलिमीटरमधला व्यास). महिन्याभराने त्याचाच मेसेज : 'सर जी, आपका वही लॉट, लास्ट चालीस डिब्बे.' डबा ₹१,१८०, टॅक्स धरून. मी ₹४७,२०० पाठवले. यूपीआयवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा बाईचं होतं. विचारलं तर म्हणे अकाउंटंटची मिसेस. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोरचा कितीही गोड बोलू दे.

दोन दिवसांनी कस्टमचे म्हणून ₹८,४०० मागितले. भरले. आयात माल आहे, असेल काहीतरी, असं वाटलं.

पण तिसरा हप्ता मला अजून झोपू देत नाही. 'ई-वे बिल की फीस', ₹३,९९९. ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद. मी तुर्भ्याला ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करतो. २०१८ पासून रोज ई-वे बिलं काढतोय. त्याला एक रुपया फी लागत नाही. शिवाय दुसऱ्या राज्यातून येणारा माल पन्नास हजारांच्या वर असेल तरच ते लागतं, माझा होता सत्तेचाळीस हजार दोनशेचा. मेसेज आला तेव्हा समोरच्या स्क्रीनवर तेच पोर्टल उघडं होतं. दोन ड्रायव्हर कागदांसाठी खोळंबलेले, पुढच्या आठवड्यात मुलीची मॅच, आणि तिच्याकडे एकच डबा उरलेला. मी पैसे पाठवले. संध्याकाळी नंबर बंद.

फसलात तर आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याच मिनिटाला. मी दोन दिवस पार्सलची वाट पाहण्यात घालवले आणि मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथे 'वीस हजार गोळ्या' एवढंच ऐकलं गेलं. 'लायसन्स दाखवा.' साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, हे मी मोबाइलवर नियम उघडून दाखवलं. तरी तासभर माझीच चौकशी. रायफल घरात का ठेवता, एवढा साठा कशासाठी, कोणाला विकता? फसलेला मी, आणि जबाब द्यायचा तोही मीच! २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ जिंकलं तेव्हा महाराष्ट्रभर फटाके वाजले होते, आणि इथे शूटरच्या बापाला गुन्हेगारासारखं बाकावर बसवून ठेवतात. मग म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले ठाण्यातून पत्र आणा. चार फेऱ्या, तीन अर्ध्या रजा. बँकेचं एकच पालुपद : पिन तुम्हीच टाकलात. त्या बाईच्या खात्यात ₹१,८६० होल्ड झालेत, तेवढे सोडवायलाही कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात.

जीएसटी नंबर मागा आणि पोर्टलवर तपासा, फुकट आहे. डब्यामागचा लॉटचा स्टिकर व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा. मला आलेल्या फोटोत तो धूसर होता, आणि मी कॅमेऱ्याला दोष दिला. पहिली छोटी ऑर्डर नीट आली म्हणून मोठी येईल असं समजू नका, ती त्यासाठीच नीट पाठवलेली असते.

मुलीला मी आठ दिवस सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं, 'बाबा, लॉट आला?' तेव्हा सांगावं लागलं. ती मॅच दुसऱ्याच लॉटवर खेळली.

त्या माणसाचा नंबर बदलला असेल. डीपीला रेंजच्या फायरिंग लाइनचा फोटो असायचा, आणि तो पहिला प्रश्न हेड साइझचाच विचारतो.